बिनखिम्याची मुसाका

सांदा : आई, हा पाव कशाला भिजत घातलायस?

वेतुरिया : राहू दे तिथं. हात लावू नकोस.

सांदा : अख्खा पाव आहे हा. कोंबड्यांसाठी असेल तर आठवण करून देते, आपण चौथ्या मजल्यावर राहतो.

वेतुरिया : मुसाकेत घालायचाय.

सांदा : मुसाकेत? सकाळी सातला जाऊन मी दीड किलो बीफचा खिमा आणला. माझ्या डोळ्यांसमोर काढून घेतला. एवढासा चरबीचा तुकडा दिसला तर खाटकाशी भांडले. आणि तू इथं पाव भिजवतेस?

वेतुरिया : खिमा फ्रीजमध्ये टाक. उद्या कटलेट करू.

सांदा : उद्या कोण येतंय? विहीणबाई आज येतायत. इलिंकाचं लग्न ठरल्यावर पहिल्यांदा जेवायला येतायत आपल्याकडे. आणि पाव वाढायचा?

वेतुरिया : ओरडू नकोस. इलिंका उठेल.

सांदा : इलिंका कधीच गेली केस करायला. आई, त्या बाईनं तोंडानं मागून घेतलंय गं. साखरपुड्यात सगळ्यांसमोर तुझ्या गळ्यात पडल्या. 'अय्या, तुम्ही सूतगिरणीच्या बालवाडीतल्या वेतामावशी ना? तुमची बुधवारची ती मुसाका! जन्मात पुन्हा तशी खाल्ली नाही मी.' डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी तर कौतुकानं फुगले होते.

वेतुरिया : तू फुगलीस. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सांदा : का म्हणून?

वेतुरिया : कांदा चिर. बारीक. पाच घे.

सांदा : पाच? आपण चारात करतो.

वेतुरिया : आपली करतो तेव्हा. तिनं तिथली मागितलीय. 'तीच हवी' म्हणाली.

सांदा : मग कर ना तीच. खिमा, बटाट्याच्या चकत्या, शेपू, वरून अंडी नि आंबट साय, की ट्रे ओव्हनमध्ये. डोळे मिटून करतेस तू.

वेतुरिया : ती घरची. तिथल्या मुसाकेत खिमा नव्हता.

सांदा : नव्हता कसा? मीपण त्याच बालवाडीत जेवत होते की. बटाट्यांच्या मध्ये तपकिरी थर असायचा चांगला.

वेतुरिया : तो पाव. शिळा पाव हाडांच्या पाण्यात भिजवायचा आणि घट्ट पिळायचा. कांदा अगदी काळपट होईस्तोवर परतायचा. मग त्यात पाव, मूठभर शिजलेला भात, गोड्या मिरचीची पूड. उलथनं थांबवायचं नाही, म्हणजे खिम्यासारखे दाणे सुटतात. खिमा वासापुरता. मीठ घालावं तेवढा.

सांदा : बरं मग? चौऱ्याऐंशी साल होतं ते. खाटकाच्या दुकानात आकड्यांशिवाय काही लटकत नव्हतं. तू काय करणार? होतं त्यात भागवलंस. यात लाजण्यासारखं काय आहे?

वेतुरिया : दुकानात नव्हतं. बालवाडीत होतं.

सांदा : म्हणजे?

वेतुरिया : मुलांच्या नावानं यायचं. दर बुधवारी पहाटे. चांगलं लालबुंद बीफ. मी सही करून घ्यायचे.

सांदा : मग कुठं जायचं ते?

वेतुरिया : तो वरचा फोटो बघ तुझा. ते गाल बघ.

(सांदा सुरी खाली ठेवते.)

वेतुरिया : कांदा चिर गं. थांबलीस कशाला?

सांदा : तू सांगायचीस, मोठ्या बाई उरलेलं देतात.

वेतुरिया : मोठ्या बाई स्वतःचं न्यायच्या. त्या काय मला देणार? त्यांनी त्यांचं काढून घेतलं की उरलेल्यात मी माझं काढायचे. आणि जे राहायचं ते मुलांचं.

सांदा : आणि तपासणी? कुणीतरी येत असेल ना बघायला?

वेतुरिया : यायचा की. रोजच्या जेवणाचा नमुना बरणीत भरून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचा असा नियम होता. बरणीतली मुसाका मी वेगळी करायचे. छोट्या पातेल्यात. भरपूर खिमा घालून. तो चमच्यानं उकरून बघायचा नि म्हणायचा, 'शाब्बास कॉम्रेड, चैन आहे पोरांची.' अख्ख्या बालवाडीत सगळ्यात चांगलं ती बरणी जेवायची.

सांदा : हसू नकोस.

वेतुरिया : हसत नाहीये. तोंड वाकडं होतं माझं हे सांगताना.

सांदा : गिरणीच्या फाटकावर तर झडती घ्यायचे. मला आठवतंय. तो मिशीवाला. बायकांचे कोटसुद्धा उघडायला लावायचा.

वेतुरिया : मोठ्या बायकांचे. पोरांचं काही बघायचा नाही.

सांदा : मग?

वेतुरिया : बालवाडीत घालायच्या सपातांची पिशवी होती ना तुझी. निळी. वर बदकाचं भरतकाम.

सांदा : आई.

वेतुरिया : कागदात गुंडाळून तळाशी घालायचे. वर तुझ्या सपाता.

सांदा : मी ती पिशवी गरागरा फिरवत बाहेर पडायचे! तो मिशीवाला माझा गालगुच्चा घ्यायचा! तू मागून ओरडायचीस, 'उड्या मारू नकोस, सांदा.' मला वाटायचं, मी पडेन म्हणून तुला काळजी.

वेतुरिया : तीपण होती.

सांदा : थोडं पाणी दे मला.

वेतुरिया : घे. हे डोळ्यांतलं पाणी कांद्यानं की खरंच?

सांदा : कांद्यानं. हे बघ, त्या काळात कोण काही आणत नव्हतं? बाबा गिरणीतून सूत आणायचे. खालच्या मजल्यावरची नर्स दवाखान्यातला कापूस आणायची. सगळेच...

वेतुरिया : ते मला नको सांगूस. चाळीस वर्षं मी स्वतःला तेच सांगतेय, पाठ झालंय. सूत गिरणीचं होतं. हे मुलांच्या ताटातलं होतं. मी ताटं वाढायचे ना, मला माहीत आहे. चमचा घालून आधी मांस शोधायची पोरं. मग गुपचूप जेवायची.

सांदा : आणि विहीणबाई म्हणतात, तुम्ही मला ट्रेचा कुरकुरीत कोपरा काढून द्यायचात. किती लाड करायचात म्हणतात.

वेतुरिया : लाड! अगं, तिनं पाहिलं होतं मला. एवढीशी, टोपी कानांवर ओढलेली, दारात उभी. मी खिमा गुंडाळत होते. वळून बघते तर ही. मी ओठावर बोट ठेवलं, कोपरा काढला आणि दिला हातात. पुढच्या बुधवारी पुन्हा आली. मग दर बुधवारी. वसुलीलाच येते असं वाटायचं मला. पाच वर्षांच्या पोरीला लाच देत होते मी, सांदा. आणि ती ते प्रेम म्हणून जपून ठेवून बसलीय.

सांदा : एवढं सगळं तू पोटात ठेवलंस. विहीणबाईंनी ओळख काढली नसती तर...

वेतुरिया : तर बरोबर घेऊन गेले असते. मेल्यावर कोण विचारतंय?

सांदा : बरं, ऐक आता. खिमा घालूया. सगळा. त्या म्हणतील, आठवणीतल्यापेक्षा छान झालीय. विषय संपला.

वेतुरिया : पहिल्या घासाला म्हणेल, ही ती नव्हे. मग विचारेल, त्यात काय होतं. तेव्हा काय सांगू?

सांदा : मग घाल पाव! हवा तेवढा घाल!

वेतुरिया : आणि त्याच पोरीच्या ताटात दुसऱ्यांदा पाव वाढू? खिमा म्हणून? या वेळी तर तिनं माझं कौतुक करून मागून घेतलाय.

सांदा : मग तुझं म्हणणं काय आहे? आई, माझ्याकडे बघ. तू सांगणार आहेस का त्यांना?

वेतुरिया : कांदा झाला का?

सांदा : नाही सांगायचं. तुझ्या पाया पडते. इलिंकाचं लग्न दीड महिन्यावर आलंय. कोणती आई आपला मुलगा अशा घरात देईल? त्यांना काय वाटेल, चोरांशी सोयरीक केली? त्या तुदोरला सांगतील, तुदोर इलिंकाला विचारेल, आणि ती पोर काय उत्तर देणार? तिला काहीसुद्धा माहीत नाही.

वेतुरिया : तुलापण नव्हतं. सकाळपर्यंत.

सांदा : म्हणूनच म्हणतेय. मला माहीत झालं तेवढं पुरे.

(दाराची बेल.)

सांदा : अगंबाई! बाराच वाजलेत! दोनला येणार होत्या ना? ओटा आवर... आले, आले! या, विहीणबाई, या!

ओतिलिया : रागावू नका, लवकर आले. पुरुषमंडळी येतील दोनला. म्हटलं, मावशी करत असतील तर शेजारी उभं राहून बघावं. कशा आहात, मावशी? बसा, बसा, उठू नका. एप्रन द्या मला एखादा... अय्या! पाव!

सांदा : तो ना, तो असाच...

ओतिलिया : नाही नाही, थांबा! पाव होता तर त्यात! वीस वर्षं करून बघतेय मी. सगळ्यात महाग खिमा आणते, चीज घालते, लोणी घालते. तुदोर बोटं चाटतो, पण मला ती चव सापडत नाही. आणि गुपित पावात! किती घालायचा, मावशी? एवढ्या पावाला खिमा किती?

सांदा : थोडासाच घालतात हो पाव. मऊपणा येतो.

ओतिलिया : हा थोडासा नाहीये.

सांदा : चला, तुम्ही बाहेर बसा. मी कॉफी करते. इलिंका येईलच इतक्यात.

वेतुरिया : खिमा नव्हता, पोरी.

सांदा : आई.

ओतिलिया : नव्हता म्हणजे, कमी यायचा?

वेतुरिया : चांगला यायचा. तो इथं यायचा. याच स्वयंपाकघरात. मी आणायचे. माझी पोरगी खायची, नवरा खायचा, मी खायचे. तुम्हाला पाव घालायचे मी, परतून, रंग देऊन. तुझ्या जिभेवर जी चव राहिलीय ना, ती त्याची आहे.

(ओतिलिया पावाच्या पातेल्याकडे बघते.)

वेतुरिया : आणि तू मला गुंडाळताना पाहिलंस म्हणून तो कोपरा द्यायचे. तू कुठं बोलू नयेस म्हणून. लाड नव्हते ते. तू लाड म्हणतेस तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ओतिलिया : मी काय पाहिलं?

वेतुरिया : दारात उभी होतीस ना. मी मांस गुंडाळत होते.

ओतिलिया : मी काहीच पाहिलं नाही, मावशी. मी ओव्हनपाशी यायचे. वर्गात आम्ही कोट घालून बसायचो, तोंडातून वाफ निघायची. तुमच्याकडे ऊब होती.

वेतुरिया : काहीच नाही पाहिलंस?

ओतिलिया : तुमचा एप्रन पाहिला असेल. मी एवढीशी होते.

सांदा : विहीणबाई, खुर्ची घ्या. हे बघा, एकटी आई नव्हती. मोठ्या बाईपण न्यायच्या. दिवसच तसे होते, तुम्हाला तर माहीतच...

ओतिलिया : माझी आई त्याच गिरणीत होती. मागावर. घरी आली की पहिलं विचारायची, आज काय जेवलीस? बुधवारी मी सांगायचे, मुसाका. मग ती खूष व्हायची. घरात चार अंडी असली तर धाकट्याला करून द्यायची. मला म्हणायची, तुला नको, तू आज मांस खाल्लंयस.

वेतुरिया : माफी मागायला तोंड नाही मला.

ओतिलिया : मागू नका. मागितलीत तर मला काहीतरी बोलावं लागेल, आणि काय बोलायचं ते मला कळत नाहीये.

सांदा : तुम्ही लग्नाचं काय... म्हणजे तुमच्या मनात आता काही...

ओतिलिया : इलिंका पंचवीस वर्षांची आहे. तिनं काय केलंय? ते मनातून काढून टाका. तुदोरला मी काही सांगणार नाही. त्यानं ती बालवाडी पाहिलीसुद्धा नाही.

सांदा : देव तुमचं भलं करो.

ओतिलिया : देवाला नका आणू आत्ता मध्ये.

वेतुरिया : मी ट्रेमध्ये काय घालू, ते तू सांग. तू सांगशील ते घालते.

ओतिलिया : खिमा आणलाय?

सांदा : दीड किलो.

ओतिलिया : मग घाला. सगळा घाला. आणि ते पातेलं बाजूला करा तिथून, माझं लक्ष सारखं त्याच्याकडे जातंय. बटाटे राहिलेत वाटतं. सुरी द्या, मी सोलते.

सांदा : तुम्ही कशाला? पाहुण्या तुम्ही.

ओतिलिया : हाताला काहीतरी काम हवंय मला. द्या. सांदाताई, तुम्ही कुठल्या गटात होतात?

सांदा : मधल्या. चौऱ्याऐंशीला मधल्या गटात. मला माफ करा, विहीणबाई, आल्यापासून आठवतेय, पण तुम्ही मला आठवत नाही.

ओतिलिया : मला तुम्ही आठवता. साखरपुड्यात आवाज ऐकला तेव्हाच शंका आली होती.

सांदा : मी? कशी काय?

ओतिलिया : हिवाळ्यात फिरायला न्यायचे ना, दोघी-दोघींची जोडी करून. आम्ही तुमचा हात धरायला भांडायचो. तेवढा एकच गरम असायचा.