मनश्शेचा उरलेला धडा

हॅलो?… हो, वारुगुरू बाईच बोलतेय. कोण, गाथोनी? अगं, अकराला तुझ्या बाळाचा बाप्तिस्मा आणि तू सकाळी सातला… रडतेस कशाला?

मनश्शे नाव नको? थोरल्या मुलाला बापाच्या बापाचंच नाव! सासरे मनश्शे, मग दुसरं कुठून आणणार?… माझ्यामुळे? मी काय केलं?

हो, गेल्या रविवारी चर्चमध्ये शिकवलं मी. मनश्शे राजानं मूर्तींच्या वेद्या बांधल्या, पोटचा पोर आगीत घातला, यरुशलेम रक्तानं भरलं… हो, 'त्याच्याच पापानं लोक बंदिवासात गेले', तेही मीच म्हटलं. पण अगं, तो यहूदाचा राजा! तुझे सासरे कॉफीची झाडं छाटतात!

सगळं चर्च त्यांच्याकडे वळून बघत होतं?… अरे देवा. आणि आठवडाभर ते जेवायला आत येत नाहीत?

नाही नाही, योशीया राजा कितीही चांगला असो, 'योशीया' ठेवलंस तर म्हातारा उभ्या उभ्या वाळेल. आपण नातवात पुन्हा जन्मतो, याच भरवशावर तर आपली माणसं म्हातारी होतात.

ऐक ना… अगं, ऐक! चूक माझी. धडा अर्धाच झाला होता. चहा आला, सगळे उठले, मीही उठले. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, एक प्रयोग अर्ध्यावर सोडला नाही, आणि इथे…

पुढे? पुढे अश्शूरी सैन्यानं त्याला आकडे टोचून, बेड्या घालून बाबेलला नेलं. तिथे तो देवापुढे लोळण घेऊन रडला. देवानं ऐकलं. परत घरी आणलं त्याला.

मनचं नाही गं! बायबलातच आहे, इतिहासाचं दुसरं पुस्तक, तेहेतिसावा अध्याय.

मी शिकवलं त्या 'राजे'च्या पुस्तकात का नाही?… चांगलं विचारलंस. मला वाटतं, 'राजे' लिहिणाऱ्याचं घर नुकतंच जळालेलं. तो विचारतोय, कुणामुळे? 'इतिहास' लिहिणारा बंदिवासातून परतलेल्यांमध्ये बसलाय. तो विचारतोय, आता जगायचं कसं?

खरं कुणाचं? दोघांच्या वह्या माझ्याकडे आल्या असत्या, तर दोन्हींवर बरोबरची खूण केली असती.

हो, आज बाप्तिस्म्याआधी उभी राहून उरलेलं सांगते. सगळ्यांसमोर. चहा येवो नाहीतर भूकंप.

सासरे तिथेच आहेत? मग त्यांना दे फोन… घेत नाहीत? काय विचारतायत?… परत येऊन राजानं काय केलं? मूर्ती बाहेर फेकल्या आणि शहराची बाहेरची भिंत बांधली. चांगली उंच.

हसतेस काय?… गोठ्याची भिंत? दोन वर्षं पडलेली? 'आधी ती बांधा, मग नाव'? गाथोनी! सासऱ्यांशी असं बोलतात?

काय? थापी घेऊन निघाले? अगं, आज रविवार! आणि अंगावर नवा कोट! थांबव त्यांना!… थांबत नाहीत? मग बाळाला हाक मार. नावानं. मोठ्यानं.

…हं. इथपर्यंत ऐकू आलं.

वळले?… 

बरं. ठेवते मी.