यमुनाबाईंचा डबा

हॅलो?… श्यामला? हे बघ, बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तुझ्या स्वातंत्र्याच्या आड कधी आलेलो नाही आणि येणारही नाही… हो, म्हणूनच फोन केला. तू चोवीस मिनिटं एकाच जागी का उभी आहेस?

पाळत कसली? फोनच्या नकाशावर तुझा ठिपका दिसतो, मी ठिपका बघतो. आता पंचवीस.

झाली की झोप. सकाळचे सात वाजून गेलेत इथे. चहाही झाला… दोनदा. अगं ऐक ना, तुमच्या टूरवाल्या ईशिताचा मेसेज आलाय. तुमची बस साडेतीनला हॉटेलवरून सुटणार, आणि 'काकू कुठे आहेत' हे ती ओसाकात बसून मला कॉव्हेंट्रीत विचारतेय! तुझ्याकडे तीन वाजून गेले ना?… मग?

कसली गल्ली?… बरं… म्हणजे मोठ्या बाजारात चेंगरलीस, दोन वळणं घेतलीस आणि एकदम सामसूम? वर छप्पर, निम्मी शटर्स खाली… आपल्याच चपलांचा आवाज येतो… हं… ब्रशचं दुकान? नुसते ब्रश?… चौथी पिढी! आपल्या हाय स्ट्रीटवर ई-सिगारेटचं दुकान चार महिने टिकत नाही.

हो, हो, ऐकतोय. लोणच्याचं दुकान. एक आजी… किती वर्षांची?… अगं, आपल्याहून सहाच वर्षांनी मोठी, आजी काय म्हणतेस!

तिने मुळ्याचं लोणचं चाखायला दिलं. छान. तू चाखलंस आणि निघालीस… नाही निघालीस. चिवडा दिलास. बरोबर आहे, नुसतं खाऊन कसं निघायचं… मग तिने चहा. मग तू शंकरपाळे. मग तिने रुमाल… हाताने रंगवलेला, हो… मग तू… श्यामला, बेसनाचे लाडू? मला ज्यांना हात लावू दिला नव्हतास, ते लाडू? डब्यासकट?

आणि तिने तो डबा लोणच्याने भरून परत दिला. साहजिक आहे. तिलाही रिकामा डबा देववत नाही. अख्ख्या जपानात नेमकी तुझ्यासारखी बाई शोधलीस तू! आता दोघी सुटणार कशा? एकीला तरी उद्धटपणा करावा लागेल.

नाही, फेऱ्या मारत नाहीये. जागा बदलतोय.

पर्समध्ये उरलंय काय?… छत्री आणि बीपीच्या गोळ्या… गोळ्या द्यायच्या नाहीत! अगं, हॉटेल बारा मिनिटांवर आहे, मी मोजलंय. ती बस चुकली तर तुमची ट्रेन चुकेल. डबा उचल, वाक आणि पळ.

का? डोळ्यांत पाणी का तिच्या?… एकटीच असते?… तीन वर्षं… आणि आज सकाळपासून गिऱ्हाईक?… तूच. अच्छा.

डबा ठेवून येतेस? ठेव ना, एका डब्याने काय… कुठला नेलायस तू?… झाकणावर 'सौ. यमुना' कोरलेला?

अगं, आईचा डबा तो. इंग्लंडला येताना विमानात आई तो मांडीवर घेऊन बसली होती. मला बाजूच्या सीटवर टाकलं होतं.

काय?… लोणचं पिशवीत काढून घेतलंस आणि डबा रिकामाच तिच्या हातात… असं तू करूच शकत नाहीस… हं… म्हणजे आता भरून द्यायची पाळी तिची. आणि तो न्यायला कुणीतरी यायचं… कळलं तिला? खुणेने?… कोण, मी? मला गर्दी सोसत नाही, म्हणून तर… तिथे नाहीये गर्दी. हो, आत्ताच म्हणालीस.

पुढच्या वर्षी?… बघू… बरं, येईन म्हण तिला.

अगं फोन तिला कशाला… हॅलो? हो, हाय. विनय. कॉव्हेंट्री. डबा, यस, माय मदर… थँक्यू… थँक्यू… नो नो, थँक्यू… श्यामला, फोन घे गं! शेवटचं थँक्यू कुणी म्हणायचं, आमचं ठरेना झालंय. आणि मीही वाकलो म्हणून सांग. तिला दिसलं नसेल.

निघालीस?… हो, हलला ठिपका! आता डावीकडे… डावीकडे म्हणतोय मी!… बरं, तुझं तू बघ.

माझी कसली काळजी करतेस? तेहतीस वर्षं सिटी कौन्सिलमध्ये काढली मी, एक घर चालवता येणार नाही? सगळं व्यवस्थित आहे. पळ तू, ठेव आता…

ए, थांब, ठेवू नकोस! कोपऱ्यावर कचऱ्याची लॉरी आलीय. आज बिन कुठला बाहेर काढायचा गं, निळा की हिरवा?… हॅलो?