बिळातली ओल

बासष्ट सालचा एप्रिल. कानडी मुलखातल्या चिकपेटच्या पोस्टात, तारेच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू-सून होत्या. मुलगा जोधपूरला वाळवंटावरच्या संशोधनाच्या नोकरीत. त्याने बायकोला तिकडे बोलावलं होतं. त्याचं पत्र सुनेच्या हातात होतं, आणि उत्तर तारेने द्यायचं होतं.

"नको म्हणून कळव, कल्पना. त्या उन्हात करपशील."

"आत्याबाई, तिथे झुडपंसुद्धा जगतात. एकाला तर पानंच नसतात म्हणे, हिरव्या काड्यांवर भागवतं."

"तू काय झुडूप आहेस?"

"उंदीरही जगतात. पाणी पीत नाहीत, नुसत्या बिया खातात."

"विद्याधर बायकोला बोलावतोय की उंदराला? वाच पुढं."

"'उंदीर दिवसभर बिळात असतो. बिळाचं तोंड मातीने बुजवतो, म्हणजे त्याच्याच श्वासाची ओल आत टिकते.'"

"एकटाच असतो?"

"बहुतेक एकटाच, असं लिहिलंय."

"आणि हा काय जेवतो, कुठं झोपतो?"

"ते काही लिहिलं नाही."

रांग स्वल्प पुढे सरकली. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या.

"एकट्याच्या श्वासाची ओल ती किती असणार गं?"

"आत्याबाई, आपला नंबर आला."

"सरी, बरं. येते म्हणून लिही. आणि दोन माठ भरून ठेव म्हणावं."