काकूंनी मागितलेलं वाक्य

तुम्ही कधी कुणाला पुस्तक वाचून दाखवलंय? मी दाखवलं, झाशीत दतिया गेटजवळ आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना. लांब शिकून नुकताच झाशीला परतलो होतो आणि माणसाचा खरा स्वभाव सगळ्यांना कळलाच पाहिजे, अशा आवेशात होतो. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्या आयत्याच तावडीत सापडल्या.

कादंबरी गाजलेली, इंग्रजी. मोठ्या माणसांविना राहिलेली मुलं हळूहळू एकमेकांच्या जिवावर उठतात. मी मराठी करत वाचायचो, अडलं की हिंदी. काकू पोथी ऐकावी तशा हात जोडून ऐकायच्या आणि शेवटी फुटाण्यांचा प्रसाद द्यायच्या.

मुलांनी आपल्यातल्याच एकाला मारलं, तिथे मी पुस्तक मिटलं.

"इथे नाही थांबायचं," काकू म्हणाल्या. "मरणावर पोथी सोडत नाहीत. काही बरं घडेपर्यंत वाच."

मी वाचत गेलो. बरं काही घडेचना.

"मग पदरचं एक वाक्य घाल ना, भैया. कुणीतरी त्याच्यावर पांघरूण घातलं, एवढंच म्हण."

"लेखकानं लिहिलंच नाही, तर कसं म्हणू काकू? सच तो सच है."

"बरोबर आहे," म्हणत त्या उठल्या. फुटाण्यांची वाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर दारातच म्हणाल्या, "आता दिसतं रे मला. तू कशाला त्रास घेतोस?"

दार उघडायला मात्र त्या भिंत चाचपत आल्या होत्या, खिडकीतून मी पाहिलं होतं. एका वाक्याचाच तर प्रश्न होता.