निम्मं बी

विद्यार्थिनीच्या पत्राला सरांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘तुमच्या गणिताप्रमाणे सगळं रानबी पहिल्याच वर्षी उगवायला हवं. माझं निम्मंच उगवलं. चूक कोणाची, ते कळेपर्यंत प्रबंध अडलाय.’

पोस्टाच्या रांगेत त्यांच्यापुढे रोपवाटिकेतल्या दोघी जावा होत्या.

“जाऊबाई, तो वाफा उकरून टाकू? निम्मं बी झोपलंय.”

“हात लावू नकोस! मागच्या साली उगवलेलं सगळं उन्हानं करपलं. मग वाफा कोणी राखला?”

“झोपलेल्यांनीच.”

“मग? आळशी नाही गं ते, वाट बघतंय.”

“म्हणजे तुमच्या दिरासारखं! वीस वर्षं वाटच बघताहेत.”

सरांनी खिडकीवर कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, ‘चूक माझी. वाईट वर्षं मी गणितात धरलीच नव्हती. प्रबंध देऊन टाक.’

पुन्हा न वाचता त्यांनी ते पेटीत टाकलं.