ओ दिली की तोडायचं

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांना बोलायची सोय नव्हती, त्यामुळे त्यांचे दोन्ही कान शेजारच्या मायलेकांकडे लागले होते. लेकाच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि आईनं पर्स पोटाशी घट्ट धरली होती.

"त्या काळ्या पडद्यावर काय खरडतोयस मघापासून?"

"अगं, ऑफिसचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवलाय. तिथवर कनेक्शन लागतंय का, ते बघतोय. एक ओळ टाकायची, त्यानं ओ दिली की लगेच तोडायचं."

"लगेच? काही मागायचं नाही त्याच्याकडे?"

"नाही. तो जागेवर आहे, एवढंच कळायला हवं."

"अस्सं! आणि मी रोज सकाळी एक रिंग देऊन फोन ठेवते, तर माझ्यावर डाफरतोस!"

"मी उचलेपर्यंत तरी थांबत जा की, आई."

"कशाला? रिंग गेली, मला कळलं. उगाच तुझ्या कामात खोळंबा नको."

लेकानं ओळ टाकली, ओ आली आणि त्यानं कनेक्शन तोडलं.

"दाढ काढताना फार दुखतं का रे?"

"नाही गं. मी येऊ आत?"

"काही नको. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण इथून हलू नकोस हं."

तेवढ्यात तिचा नंबर लागला. ती आत गेली, दार लोटलं गेलं. लेकानं लॅपटॉप मिटून खिशातला फोन काढला. आत एकदाच रिंग वाजली आणि थांबली.

"घ्या ना फोन, काकू. मी थांबतो," डॉक्टरांचा आवाज आला.

"तो उचलायचा नसतो. करा तुम्ही सुरू."