खाटेची बकरी

माह्या थट्टेचा कोणाले राग येत नाही, असं मी पांढरकवडाभर सांगत फिरतो. राग येतेच, पण म्हातारा म्हणून लोक बोलत नाहीत.

नातू झाला तवा दवाखान्यात सुनेले म्हटलं, "तुह्या दुधानं काय होते पोराचं? खाटेले बकरी बांधून देतो." सारा वार्ड हसला.

दुसऱ्या दिवशी आईच्या दुधाचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या. बाळाच्या तोंडात बाटली पाहून त्यांनी विचारलं, "वरचं दूध कोणाच्या सांगण्यावरून?"

सून म्हणाली, "मामाजींच्या."

मॅडमनं लिहूनही घेतलं, सासरे. मले तोंड लपवाले जागा सापडेना.

"अवं पोरी, मी गंमत केलती. सारे हसले नाही का?"

ती बाळाकडेच पाहत म्हणाली, "सारे हसले मामाजी, म्हणूनच मले खरं वाटलं."